गणपतीतलं एक दिवसाचं आरोग्य शिबिर, की साठीपुढच्यांची घरोघर नोंद?

प्रश्न: कॉलनी_मंडळ_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या कॉलनीतलं आमचं मराठी मंडळ आहे. कॉलनीत साधारण ४०० घरं असून निम्मी मराठी आहेत. दरवर्षी गणेशोत्सवात एक दिवस आरोग्य शिबिर होतं. बीपी, रँडम शुगर, वजन आणि डोळे तपासले जातात, दीड-दोनशे लोक येतात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय संपतो.

कॉलनी मात्र पार बदलली आहे. मुलं पुणे, बेंगळुरू, हैदराबाद किंवा परदेशात आहेत. कितीतरी घरांत दोघंच राहतात, काही घरांत एकटी आई. दुमजली घरांचे वरचे मजले बंद पडले आहेत किंवा कोचिंगच्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिले आहेत. यंदा कार्यकारिणीत असा प्रस्ताव आला की शिबिराचे ३० हजार रुपये आणि २० कार्यकर्ते साठीपुढच्या सगळ्यांची घरोघर नोंद करायला लावावेत. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं आहे की देश तरुण आहे, म्हातारपण हा केरळचा प्रश्न, आपण शिबिरच करावं. दुसरे म्हणतात, सरळ वृद्धाश्रमासाठी निधी जमवायला लागू या.

नोंद करायची तर काय विचारायचं, वय कसं पक्कं करायचं, आणि नोंद झाल्यावर त्या कागदांचं काय करायचं? हे काम केलेल्या किंवा शिकवणाऱ्या लोकांनी सविस्तर सांगावं.

उत्तर १: जनस्वास्थ्य_मालवा

नोंदच करा. शिबिरात येतात ते चालू शकणारे. ज्यांची सगळ्यात जास्त काळजी करायला हवी ते जिना उतरत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही म्हणून घोषणा कळत नाही, किंवा घरात कुणी अंथरुणावर असल्यामुळे सांभाळणाऱ्या बाईला अर्धा तास बाहेर पडता येत नाही. दोनशे लोक आले यावरून न आलेल्यांविषयी काहीच कळत नाही. कॉलनीत साठीपुढचे एकूण किती, हा छेदच हातात नसेल तर अंशाला अर्थ राहत नाही.

शिबिरातल्या तपासणीतही नेहमीची गफलत असते. माणूस चालत येतो, रांगेत उभा राहतो, बोलता बोलता सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधला जातो आणि आकडा १५६ येतो. बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसलेलं हवं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाय एकावर एक नाहीत, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, लघवी करून आलेलं, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा जास्त दिसतो. आणि एका दिवसाच्या मोजमापावर कुणालाही ब्लडप्रेशरचा रोगी ठरवत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. शिबिरात तो दुसरा दिवस कधी उगवतच नाही.

आता नोंदवहीत काय असावं. रोगांची यादी विचारत बसू नका. “मला काही नाही” म्हणणारा माणूस तीन गोळ्या घेत असतो. काय करता येतं आणि काय येत नाही हे विचारा. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, जेवणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, आणि लघवी-शौचावरचा ताबा या सहा गोष्टी स्वतः जमतात, मदतीने जमतात, की जमत नाहीत? मग पुढची पायरी: बँकेचं काम, औषधं वेळेवर घेणं, फोन लावणं, स्वयंपाक, बाजारहाट. या दुसऱ्या यादीतलं काम आधी सुटतं. ज्या बाई वर्षापूर्वी गॅसचा नंबर स्वतः लावत होत्या आणि आता लावत नाहीत, त्यांच्याकडे लवकर लक्ष गेलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांसाठी साध्या कार्यकर्त्यालाही करता येईल अशी सहा अंगांची चाचणी दिली आहे, तीच वापरा. तीन शब्द सांगायचे (फूल, दार, तांदूळ), मधे आजची तारीख आणि आपण कुठे आहोत हे विचारायचं आणि मग ते शब्द परत विचारायचे. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठबस १४ सेकंदांत होते का, ते घड्याळ लावून पाहायचं. तीन महिन्यांत न ठरवता तीन किलोपेक्षा जास्त वजन उतरलं का, भूक गेली का? दूरचं दिसायला, वाचायला त्रास आहे का? मागून हळू आवाजात बोललेलं ऐकू येतं का? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, कशातच रस नाही, असं झालं का? यातलं एकही अंग कमी निघालं तर त्या व्यक्तीची पुढची तपासणी डॉक्टरकडे. कार्यकर्त्याने घरात निदान सांगायचं नाही. “तुम्हाला विसराळूपणाचा आजार वाटतोय” असं एक वाक्य बोललात तर ते घर पुन्हा दार उघडणार नाही.

वेळेचा हिशेब करू. दोघांची जोडी, एका घराला २० ते २५ मिनिटं, म्हणजे संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत सात-आठ घरं. दहा जोड्यांनी रोज ७५ घरं धरली तर पाच-सहा संध्याकाळी. पण बंद घरांना वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी तीन फेऱ्या द्याव्याच लागतील, म्हणून तीन आठवडे धरा. जोडीत एक स्त्री हवीच, नाहीतर लघवीचा आणि एकटेपणाचा प्रश्न बायका टाळतील.

उत्तर २: लोकसंख्या_अभ्यास

त्या ज्येष्ठ सभासदांच्या म्हणण्याला आदराने उत्तर देतो, कारण हा समज फार पसरलेला आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, केरळात १२.६ आणि मध्य प्रदेशात ७.९. तेव्हा ते म्हणतात ते त्या वर्षापुरतं खरं होतं. पण समाज म्हातारा होतो तो मुख्यतः लोक जास्त जगतात म्हणून नव्हे, तर मुलं कमी होतात म्हणून. खालचा पाया अरुंद झाला की वरच्या थराचं प्रमाण आपोआप वाढतं. मध्य प्रदेशात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी ३.१ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत २.० झाली. पंधरा वर्षांत एवढी उतरण! शहरी भागात तर याहूनही कमी. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार २०३६ मध्ये देशातले साधारण १५ टक्के लोक साठीपुढचे असतील आणि मध्यम वय (निम्मे लोक ज्याहून लहान, निम्मे मोठे) २०११ च्या २५ वरून साडेचौतीसच्या आसपास जाईल. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जायला शतकाहून जास्त काळ लागला. दवाखाने, पेन्शन, घरं, रस्ते हे सगळं बदलायला त्यांना तेवढी सवड मिळाली. आपल्याला ती नाही.

आणि हे झालं राज्याचं. तुमच्या कॉलनीचं गणित वेगळंच आहे, कारण तिथे तिसरं कारण काम करतंय: तरुणांचं बाहेर जाणं. स्थलांतर वय बघून होतं. पंचवीस ते चाळीसमधले जातात, जाताना होणारी नातवंडंही बरोबर घेऊन जातात आणि मागे आई-वडील उरतात. म्हणून राज्याची सरासरी काहीही असो, एखाद्या कॉलनीत पाचातला एक साठीपुढचा निघू शकतो. राज्याची टक्केवारी तुमच्या ४०० घरांवर लावू नका. मोजा.

वयाबद्दल विचारलंत. “वय किती?” असं विचारलं तर उत्तरं ६०, ६५, ७०, ७५ यांवर गोळा होतात. आधारकार्डावर १ जानेवारी ही तारीख दिसली तर बहुतेक वेळा नुसतं वर्ष अंदाजाने टाकलेलं असतं. तेव्हा जन्मसाल विचारा आणि घटनेशी पडताळा. आपल्याकडे यासाठी चांगल्या खुणा आहेत. १९४८ मध्ये होळकर राज्य ‘मध्यभारत’ या नव्या राज्यात गेलं तेव्हा जन्म झाला होता का? १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली तेव्हा शाळेत होता का? १९७१ च्या युद्धात, ब्लॅकआउटच्या दिवसांत लग्न झालेलं होतं का? मॅट्रिक किंवा हायर सेकंडरी कोणत्या साली? दोन खुणा जुळल्या की वर्ष-दोन वर्षांच्या आत वय बसतं. फॉर्मवर दोन रकाने ठेवा, कागदावरचं वय आणि पडताळलेलं वय. कारण योजनांना कागदावरचं लागतं आणि तुम्हाला खरं लागतं.

नंतर आकडे मांडताना ‘६० पुढचे’ असा एकच गठ्ठा करू नका. ६०–६९, ७०–७९, ८०+ असे तीन, आणि प्रत्येकात स्त्री-पुरुष वेगळे. साठीचा माणूस बहुधा स्वतः कुणाचा तरी आधार असतो, ऐंशीच्या माणसाला आधार लागतो. लग्नात नवरा चार-सहा वर्षांनी मोठा आणि बायकांचं आयुष्य थोडं जास्त, या दोन्हींमुळे वरच्या गटात विधवा स्त्रियाच जास्त निघतील. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या नावावर ना घर असतं ना स्वतःची पेन्शन. ‘वृद्धांचा प्रश्न’ म्हणतो तो वरच्या वयात बहुतांशी एकट्या स्त्रीचा प्रश्न होतो, हे तुमच्याच तक्त्यात दिसेल.

अजून एक धोक्याची सूचना. समजा १,५०० लोकवस्तीत वर्षाला १५ मृत्यू झाले, म्हणजे हजारी १०. राष्ट्रीय दर साधारण हजारी ६-७ असतो. लगेच कुणीतरी म्हणेल, आपल्या कॉलनीचं पाणी खराब आहे. वस्तीत वृद्ध जास्त असतील तर मृत्युदर जास्तच दिसणार. केरळचा ढोबळ मृत्युदरही (वय न बघता काढलेला हजारी आकडा) देशाच्या सरासरीहून जास्त आहे, आणि आयुर्मान मात्र देशात वरच्या क्रमांकाचं. तुलना करायचीच तर वयोगटानुसार करा. आणि इतक्या छोट्या वस्तीत एका वर्षाचा आकडा हेलकावे खातो, तीन-चार वर्षं एकत्र घेतल्याशिवाय काही बोलू नका.

उत्तर ३: तोल_आणि_चाल

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. जनस्वास्थ्य यांनी सांगितलेली पाच उठबशांची चाचणी कराच, पण तिच्या जोडीला तीन मीटर चालण्याची करा. हात असलेली खुर्ची, पुढे तीन मीटरवर खडूची रेघ. उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीची चप्पल, काठी असेल तर काठीसकट. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. नुसते सेकंद लिहू नका, वळताना किती पावलं टाकली, भिंत धरली का, बसताना धपकन बसले का हेही लिहा. कार्यकर्ता बाजूला, अर्धं पाऊल मागे उभा हवा. समोर उभं राहून “या, या” म्हणायचं नाही, माणूस घाई करतो आणि तिथेच पडतो.

गेल्या वर्षात पडलात का, हे “तोल जाऊन खाली बसावं लागलं का, घसरलात का” असं विचारा. “पडलो” हे लोक कबूल करत नाहीत, कारण मुलगा लगेच पुण्याला घेऊन जाईल अशी भीती असते.

मग घर बघा. आपल्या जुन्या घरांत न्हाणीघर खोलीपेक्षा एक पायरी खाली, उंबरठा उंच, दिवा मात्र बाहेरच्या बटणावर. रात्री लघवीला उठल्यावरच पडतात. न्हाणीत आणि संडासात धरायला दांडा हवा, टॉवेलचा दांडा चालत नाही, तो वजनाने उखडतो. स्टीलचा, साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर जाड, भिंतीपासून सुमारे ४ सेंटिमीटर सुटा, म्हणजे मूठ नीट बसते आणि कोपर आत अडकत नाही. प्लास्टरमध्ये प्लास्टिकची गुट्टी ठोकून लावला तर सहा महिन्यांत हलायला लागतो, विटेत खोलवर जाणारे अँकर बोल्ट लागतात. मिस्त्रीला हे आधी सांगा आणि लावल्यावर स्वतः लटकून बघा. कमोडची बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. देशी संडास असेल तर वरून ठेवायची चौकट मिळते, तिच्या पायांना रबरी बूच आहेत का ते पाहा. जिन्याला दोन्ही टोकांना बटण, पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा. तुमच्या ३० हजारांतून सगळ्यांच्या घरी दांडे बसणार नाहीत, पण ज्यांची चाचणी १२ सेकंदांपुढे गेली त्यांच्या घरी आधी बसतील. पैसे असे खर्च व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

“मी रोज बागेत चालतो” हे फार ऐकू येईल. चालणं हृदयाला चांगलं आहे, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होत नाही. त्यासाठी तोल आणि मांड्यांची ताकद वाढवणारा व्यायाम लागतो. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून सावकाश उठबस १० वेळा दोनदा, एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून दहा सेकंद उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस, किमान तीन महिने. मंडळाच्या हॉलमध्ये सकाळी भजनाच्या आधी अर्धा तास ठेवलात तर लोक येतील. हे बंद केलं की फायदाही काही महिन्यांत ओसरतो, म्हणून ‘आठवडाभराचं शिबिर’ करू नका.

ताकद वाढायला प्रथिनं लागतात. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईंना ५५ ते ६६ ग्रॅम. प्रत्यक्षात एकट्या राहणाऱ्या बाई रात्री चहा-टोस्ट किंवा दूधपोहे खाऊन झोपतात. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतं, ग्लासभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, ५० ग्रॅम पनीरात नऊ. सकाळ-संध्याकाळ मिळून हे जुळवावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

उत्तर ४: गोळ्यांची_पिशवी

वरच्या तिघांनी सांगितलं त्यात औषधांचा रकाना घाला, आणि तो तोंडी भरू नका. “घरातली सगळी औषधं एका पिशवीत आणा” म्हणा: डब्यातली, फ्रिजमधली, उशाखालची, वैद्यांची, मुलीने अमेरिकेहून पाठवलेली. पट्टीवरचं बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाही. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडखाली एकच औषध दिलंय असं सर्रास निघतं. पाच किंवा जास्त औषधं रोज चालू असतील तर त्या यादीवर एखाद्या डॉक्टरची नजर फिरलीच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी औषध बंद करा असं कधीही सांगायचं नाही. फक्त काही जोड्या दिसल्या की लाल खूण करून डॉक्टरांकडे पाठवायचं.

पहिली जोडी: बीपीची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन जातीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यावर गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं किंवा जुलाब लागले की अशाच माणसाचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याचं सांगणारा रक्तातला आकडा, अचानक चढतं.

दुसरं, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड घेणारी आणि एकादशी, चतुर्थी, चातुर्मासाचे उपास काटेकोर धरणारी व्यक्ती. गोळी नेहमीची, जेवण नाही. साखर खाली जाते, घाम, गोंधळ, पडणं. आणि घरचे म्हणतात, “वयामुळे बरळतायत.” उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधी लिहून घेतलेलं असावं. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या ऐंशीच्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तरुणाइतकी घट्ट ७ च्या खाली ठेवायची गरज नसते, ८ पर्यंत चालते. कमी साखरेचा धोका तिथे जास्त मोठा.

तिसरं, झोपेची किंवा ‘टेन्शनची’ गोळी, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. रात्री पडणं आणि दिवसा विसराळूपणा या दोन्हीमागे ती असू शकते. वर्षानुवर्षं घेतलेली असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं, फेफरंही येऊ शकतं. सावकाश उतरवावी लागते.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन घेणारे आणि “उठलं की डोळ्यांपुढे अंधारी” म्हणणारे निघाले तर पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी, मग उभं राहिल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर ते कारण पकडलं गेलं. शिबिरात बसलेलं बीपी मोजून हे कधीच कळत नाही, उलट तिथे आकडा जास्त दिसला म्हणून गोळी वाढते आणि माणूस पडतो.

पुन्हा प्रश्न: कॉलनी_मंडळ_इंदूर

फार उपयोगी, मनापासून आभार. दोन अडचणी राहिल्या. परदेशातल्या मुलांकडून मागणी आहे की आई-वडिलांचा फॉर्म मंडळाने त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवावा. आणि सरकारी बाजूने नक्की काय मिळतं, कुणाला भेटायचं? वृद्धाश्रमाचा मुद्दाही कुणीतरी घ्या, पुढच्या सभेत तोच गाजणार आहे.

उत्तर ५: हक्क_आणि_योजना

फॉर्म मुलांना पाठवू नका, जोवर ती व्यक्ती स्वतः “पाठवा” म्हणून सही करत नाही. काकूंनी तुमच्या कार्यकर्तीला लघवीचं सांगितलं ते सुनेला कळावं म्हणून नव्हे. नाव-पत्त्याचा कागद वेगळा, आरोग्याचा वेगळा, दोन्हींवर एकच क्रमांक, आणि नावांची यादी एकाच माणसाच्या कुलुपात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. चोरांना आणि ‘पेन्शन अडकली आहे, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्यांना हवी असते ती नेमकी तीच.

सरकारी बाजू. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार आहेत. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ती रक्कम दोघांत मिळून. वय आधारवरून धरतात, म्हणून वर सांगितलेला ‘कागदावरचं वय’ हा रकाना महत्त्वाचा: माणूस खरा ७३ चा आणि आधारवर ६८ असेल तर कार्ड निघत नाही. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, तेव्हा पुरावा नीट जमवून मगच जा. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं. पण यात ओपीडी आणि महिन्याची औषधं येत नाहीत, आणि वृद्धांचा खिसा बहुतेक तिथेच रिकामा होतो. त्यासाठी सरकारी दवाखान्यातली मोफत बीपी-शुगरची औषधं किंवा जनऔषधी केंद्र बघावं.

वृद्धापकाळ पेन्शनसाठी आपल्याकडे समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-नोंदणी क्रमांक) लागतो आणि त्यात नाव, वय, आधार जुळलेलं लागतं. विधवा आईचं नाव मुलाच्या समग्र कुटुंबात असतं आणि मुलगा पुण्याला गेलेला असतो, तिथे काम अडतं. असं घर निघालं तर वार्ड कार्यालयात आधी समग्र दुरुस्त करून घ्या.

भेटायचं कुणाला? तुमच्या भागाची आशा ताई आणि एएनएम (सरकारी आरोग्यसेविका). आशा तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा एक तपासणी फॉर्म भरते आणि त्यात वृद्धांसाठी वेगळे प्रश्न आहेतच. शहरी आराखड्यात दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा धरलेली आहे, पण मध्यमवर्गीय कॉलनीत फाटकातूनच “आमच्याकडे लहान मूल नाही” म्हणून तिला परत पाठवतात. तिला तुमच्या जोडीबरोबर घेऊन फिरा, म्हणजे नोंद एकदाच होईल आणि संजीवनी क्लिनिकपर्यंत (वस्तीतला सरकारी दवाखाना) पोचेल. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपी धरलेली आहे, ती पार्षदांकरवी (नगरसेवकांकरवी) विचारा. मदतीसाठी एल्डरलाइन १४५६७, मनाच्या तक्रारीसाठी टेलिमानस १४४१६. हे दोन नंबर मोठ्या अक्षरात छापून फोनजवळ चिकटवा.

मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली एसडीएमकडच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडच्या) अधिकरणात साध्या कागदावर अर्ज देता येतो, वकील लागत नाही, महिना कमाल १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरतो. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून देताना ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तातच लिहून घ्या. कलम २३ चा आधार घेऊन दस्त रद्द करताना ती अट शोधली जाते. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन घर परत दिलं, तिथेही सांभाळाचं लेखी वचन होतं.

उत्तर ६: जनस्वास्थ्य_मालवा

वृद्धाश्रमाबद्दल माझं स्पष्ट मत: या टप्प्यावर नको. तुमच्या नोंदीत साठीपुढचे समजा २४० निघाले, तर घर सोडण्याची गरज असलेले त्यांत थोडेच असतील. बाकीच्यांना घरात राहण्यासाठी कुठे धरायचा दांडा, कुठे डबा, कुठे आठवड्याचा एक फोन लागतो. इमारत उभी करायला वर्षं जातात आणि ती चालवायला रात्रपाळीची माणसं लागतात, ती मंडळाला परवडत नाहीत.

त्याआधी सांभाळणाऱ्यांना सुटका द्या. भारतात साठीपुढच्यांत सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (विसराळूपणाचा आजार) असल्याचा मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. २४० लोकांत ते अठराच्या आसपास. त्यांना सांभाळतात बहुधा साठीतल्या सुना किंवा स्वतः पंचाहत्तरीच्या बायका, ज्यांचं स्वतःचं बीपी कुणी मोजत नाही. फॉर्मवर ‘सांभाळणारी व्यक्ती कोण, तिचं वय काय, तिला शेवटची रजा कधी मिळाली’ असा रकाना घाला. मंडळाच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन दुपारी, एक ते पाच, चार-पाच वृद्धांना बसवायची सोय केली, दोन प्रशिक्षित बायका मानधनावर ठेवल्या, तर तेवढ्या वेळात सांभाळणारी बँकेत जाईल, झोपेल, स्वतःला दाखवून येईल. हॉल तळमजल्यावर हवा आणि संडास जवळ. हे दोन नसतील तर लोक येणार नाहीत, कितीही चांगली सोय केली तरी.

उन्हाळ्याचं आत्ताच ठरवा. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत हजाराहून जास्त जादा मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला. आपल्याकडे रात्री थोड्या गार होतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणाऱ्या आणि लघवीची गोळी घेणाऱ्या एकट्या माणसाला माळव्याची रात्र वाचवत नाही. म्हाताऱ्या शरीराला तहान कमी लागते, त्यामुळे “तहान लागली की पाणी प्या” हा सल्ला निरुपयोगी. एप्रिलपासून अशा घरांना सकाळी अकरा आणि दुपारी चारला फोन. दोनदा उचलला नाही तर शेजारी किल्ली घेऊन जाईल. ती किल्ली कुणाकडे, हा प्रश्नही फॉर्ममध्येच विचारून ठेवा.

सुरुवात ४०० घरांनी करू नका. आधी २० घरं घ्या, त्यांत निदान तीन कुलूपबंद आणि तीन अंथरुणावरच्या माणसांची असू द्या. कोणता प्रश्न अडतो, कुठे बायका गप्प होतात, २५ मिनिटांचे ४० होतात का, ते बघून फॉर्म कापा. मग छपाई. सहा महिन्यांनी तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच घरांना पुन्हा. मधल्या काळात वारलेल्यांची, मुलांकडे गेलेल्यांची आणि नव्याने साठी गाठलेल्यांची नोंद वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर दुसऱ्या फेरीत “सुधारणा झाली” असं दिसेल आणि प्रत्यक्षात सगळ्यांत आजारी माणसं यादीतून गळलेली असतील.